पडद्याकडे पाठ करून

इंदूबाई,

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून, मग नाव झालं म्हणून, आणि नाव जुनं झाल्यावर 'आता कोणाला काय फरक पडतो' म्हणून. टाळायला कारण मला कधी कमी पडलं नाही.

तुम्ही गेल्याचा फोन तुमच्या मुलाने, प्रकाशने केला. मी गिरगावाहून टॅक्सी करून काळाचौकीला आलो. तुमची चाळ पाडून झालेल्या त्या उंच इमारतीखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुम्ही परळच्या स्टुडिओतले मानकरसाहेब ना? आमच्या हॉलात सिनेमे दाखवायची कल्पना तुमची. तुमच्यामुळे आम्ही आख्ख्या मुंबईच्या आधी पिक्चर बघितले हो!"

आणि मी मान हलवली. तुम्ही अकराव्या मजल्यावर शेवटच्या निघायच्या तयारीत होता आणि मी खाली खुर्चीवर बसून 'हो' म्हणून मान हलवली. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. घरी आलो आणि जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहितोय. आपण एकमेकांना कधी अरे-तुरे केलं नाही, आताही करणार नाही.

स्टुडिओत तुम्ही, सगळ्यांच्या परबबाई, निगेटिव्ह कापायला होता. हे काम आता उरलेलं नाही, त्यामुळे नव्या माणसाला ते सांगावं लागतं. पांढरे सुती हातमोजे घालून, उजेडाच्या टेबलावर वाकून, फिल्मच्या कडेचे बारीक आकडे जुळवत मूळ निगेटिव्हला कात्री लावायची. संपादकाने चूक केली तर ती दुरुस्त होते, पण तुमची झाली तर नाही. "एक घर इकडेतिकडे झालं की हिरोचं मुंडकं गेलं," फिल्मच्या एका चौकटीला 'घर' म्हणत तुम्ही बजावायचात, "आणि ते परत उगवत नाही." एवढ्या वर्षांत तुमच्या हातून एक मुंडकं गेलं नाही.

मी प्रॉडक्शनच्या ऑफिसात होतो. तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला, बी. ए. झालेला. तुम्ही गिरणी कामगाराची मुलगी, गिरणी कामगाराची बायको, सातवीपर्यंत शिकलेल्या. हे लिहिताना कळतंय की सगळं इथूनच सुरू झालं. माझ्या तोंडून आलेल्या गोष्टीला ऑफिसात कल्पना म्हणायचे. तीच तुमच्या तोंडून आली तर बडबड.

स्टुडिओ तेव्हा बुडायला आला होता. लागोपाठ तीन पिक्चर पडले होते, आणि तिन्ही पिक्चर आमच्या छोट्या थिएटरात दाखवले तेव्हा सगळ्यांना आवडले होते. वितरक यायचे, शेठचे नातेवाईक यायचे, बाहेर चहा आणि बटाटेवडे असायचे. येणारा प्रत्येक जण 'सुपरहिट' म्हणून निघून जायचा. तिसरा पिक्चर पडल्यावर मी कॅन्टीनमध्ये डोकं धरून बसलो होतो. तुम्ही हातमोजे काढून समोर बसलात.

"अहो मानकर, बटाटावडा खाल्लेला माणूस पिक्चरला नावं ठेवील का?"

"मग कोणाला दाखवायचा?"

"ज्यांना घरी कामं पडलीत त्यांना. ज्यांना मधेच उठून जायला कोणाची भीड नाही त्यांना. आमच्या हॉलात आणा."

तुमच्या गल्लीतल्या मंडळाचा तो हॉल. गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर त्यात सतरंज्या आणि लेझीम पडून असायचे. मी शेठना 'मशीन तपासायचं आहे' असं काहीतरी सांगून जुना फिरता प्रोजेक्टर आणि अजून न लागलेल्या चौथ्या पिक्चरची रिळं टेम्पोत घातली. दुपारी दोनला शो. दोनलाच का, ते मी विचारलं नाही. हे न विचारणं पुढे महागात पडणार होतं.

साठ-सत्तर बायका सतरंजीवर बसल्या. कोणी मटार सोलायला आणले होते, कोणी भाचीचा स्वेटर. आणि तुम्ही एक स्टूल घेतलंत, पडद्याच्या बाजूला ठेवलंत आणि पडद्याकडे पाठ करून बसलात.

मला वाटलं, बाईला दिसत नाहीये का? जवळ जाऊन म्हणालो, "इंदूबाई, पिक्चर तिकडे आहे."

"तो रोज माझ्या हातातून जातो," तुम्ही म्हणालात. "मला ह्यांना बघायचंय. तुम्ही बाजूला व्हा, उजेड अडतोय."

पडद्यावरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर पडत होता आणि तुम्ही त्या उजेडात वाचत होता. मांडीवर शाळेची शंभर पानी वही. रिळाचा आकडा आणि पुढे एक शब्द. 'बसल्या.' 'हलल्या.' 'पदर.' रीळ बदलताना सगळेच हलतात, ते धरायचं नाही. मूल रडलं म्हणून उठलेली बाई पडद्याकडे बघत मागे मागे जाते, तीही धरायची नाही. पण कारण नसताना बाईने पदर सारखा केला की लिहायचं. "पदर सारखा केला म्हणजे तिला आपण कुठे बसलोय ते आठवलं," तुम्ही मला समजावलंत. "आठवायलाच नको."

मध्यंतरात पार्वतीमावशी नावाच्या तुमच्या शेजारणीने जाहीर विचारलं होतं, "ह्यो हिरो जेवता कधी गो? सकाळधरना नुसतो गाता हा!" सगळा हॉल हसला. तुम्ही हसत हसत तेही वहीत लिहिलंत. त्या पिक्चरमधलं एक गाणं आम्ही काढलं, ते मावशींच्या सांगण्यावरून.

पण खरी गोष्ट गाण्याची नाही. नवव्या रिळात मारामारी होती. दिग्दर्शकाचा जीव होता तिच्यावर. आणि नेमक्या तिथे आख्खा हॉल चुळबुळला, मटार पुन्हा सोलले जाऊ लागले. मी म्हणालो, "मारामारी पडली. कापू." तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत.

"चुळबूळ जिथे दिसते तिथे चूक नसते, मानकर. दहा मिनिटं मागे असते. पोटात दुखतं आज, खाल्लेलं असतं काल."

"मग मागे काय आहे?"

"मागे काही नाही, हेच तर. नवरा गेला आणि पुढच्या सीनला बाई बाजारात! रडायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही. ह्या बाया अजून त्या मयतावरच बसल्यात, तुम्ही त्यांना मारामारी दाखवताय."

तिथे एक प्रसंग होता. नायिका स्मशानात गेलेली माणसं परतल्यावर सूप घेते आणि तांदूळ निवडत बसते. दीड मिनिट, संवाद नाही, संगीत नाही. वितरकांनी 'बोअर' म्हणून तो काढायला लावला होता. तुम्ही तो तुकडा जपून ठेवला होता. पुढच्या शोला आम्ही तो जोडला. मी पहिल्यांदा तुमच्या शेजारी उभा राहून पडद्याकडे पाठ केली. सत्तर बायकांचे मटार थांबले. आणि नंतरच्या मारामारीत एक पदर हलला नाही.

तो पिक्चर किती चालला ते दादर-लालबागच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. स्टुडिओ वाचला. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं, समोर पेढ्यांचा पुडा होता.

"मानकर, ये चाळ में दिखाने का, ये चावल वाला सीन वापस डालने का, किसका दिमाग है ये?"

मी म्हणालो, "मेरा ही है, शेठ."

तीन-चार शब्द. विचार करून बोललो असतो तर कदाचित बोललो नसतो. आपोआप आले तोंडातून, आणि आल्यावर परत गिळायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुम्ही माझ्या पुढ्यातला पेढा उचललात. "काय मानकर, डोकं जोरात चाललंय म्हणे तुमचं!" आणि हसत टेबलावर गेलात. मीही हसलो. मला वाटलं, झालं, एवढ्यावर भागलं.

त्यानंतर प्रत्येक पिक्चर आधी तुमच्या हॉलात जायचा. बाकीचे स्टुडिओ नटांच्या मागे धावत होते, परदेशात गाणी करत होते. आपण काळाचौकीत दुपारी दोनला सतरंजी टाकत होतो आणि आपले पिक्चर चालत होते. मी प्रॉडक्शनचा प्रमुख झालो. माझ्या मुलाखती छापून आल्या. 'प्रेक्षकांची नाडी ओळखणारा माणूस' असं मथळ्यात होतं. ते अंक तुमच्या टेबलापर्यंत येत होतेच.

आता त्या पिक्चरकडे येतो, ज्याचं नाव आपण दोघांनी पुन्हा कधी काढलं नाही.

तुम्ही विषमज्वराने आजारी पडलात. तीन आठवडे. प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती. मी म्हटलं, आता एवढे शो बघितले, मलाही जमेल. त्या दिवशी टेम्पो उशिरा आला, म्हणून शो साडेचारला लावला. मी तुमच्याच स्टुलावर, पडद्याकडे पाठ करून, तुमची वही मांडीवर घेऊन बसलो. पाच रिळं चोख गेली. सहाव्या रिळात बाप आणि मुलगी आठ वर्षांनी भेटतात तो प्रसंग. आणि काय सांगू, आख्खा हॉल हलला! बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या, पदर खोचत होत्या, अर्ध्याअधिक उठून गेल्या. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हलल्या.' आधीची दहा मिनिटंही तपासली, कारण तुमचा नियम मला पाठ होता. तिथे काही सापडलं नाही. म्हणजे प्रसंगच पडला. मी तो कापायला सांगितलं. तुमच्या हाताखालच्या बाईंनी निगेटिव्ह कापली, प्रिंट निघाल्या, गावोगावी गेल्या.

तुम्ही बऱ्या होऊन आलात. अजून गाल बसलेले होते. वही उघडलीत, सहाव्या रिळाचं पान बघितलंत.

"शो किती वाजता लावला होतात?"

"साडेचारला. का?"

तुम्ही हसायला लागलात, इतक्या की खोकला आला. "अहो मानकर! सव्वापाचला आमच्याकडे पाणी येतं! हंडे लावायला गेल्या त्या! बाप-लेक काय, देव भेटला असता तरी उठल्या असत्या!"

मग तुमचं हसू थांबलं. काय कापलं गेलं ते तुमच्या लक्षात आलं होतं. तो प्रसंग त्या पिक्चरचा प्राण होता. पिक्चर आठवडाभरात उतरला.

शेठनी विचारलं, "ये किसने कटवाया?"

मी म्हणालो, "हॉल का काम परबबाई देखती हैं, शेठ."

इंदूबाई, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, बायकोलाही नाही आणि कोणालाच नाही. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. यश आलं तेव्हा 'मी'. पडलं तेव्हा 'परबबाई'.

शेठनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही हातमोजे हातात धरून दारापाशी उभ्या होता. मी खुर्चीत. ते बरंच बोलले, कात्री धरणाऱ्या बाईने डोकं चालवू नये असंही बोलले. मी कपातल्या चहाकडे बघत होतो. 'मी तेव्हा तापाने फणफणले होते' एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात तर माझी नोकरी, माझं नाव, सगळं त्या दुपारीच आटोपलं असतं. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. मग शेठना म्हणालात, "पुढच्या वेळी पाण्याची वेळ बघून लावू."

शेठना काही कळलं नाही. मला कळलं.

तुम्ही का बोलला नाहीत, हे मी तुम्हाला कधी विचारू शकलो नाही. विचारायचं तर आधी कबूल करायला हवं होतं. स्वतःशी मी याची बरीच उत्तरं दिली. एक, तुम्हाला नोकरी टिकवायची होती, गिरणी बंद पडून घरात एकच पगार उरला होता. दुसरं, तुमचा स्वभाव मोठा. ही दोन्ही उत्तरं माझ्या सोयीची होती. अलीकडे मला तिसरं सुचलं आणि तेच खरं असावं. मी गेलो असतो तर प्रोजेक्टर बाहेर न्यायच्या कागदावर सही करणारा कोणी उरला नसता आणि हॉल बंद पडला असता. तुम्ही मला वाचवलं नाहीत. ते स्टूल वाचवलंत. चार महिन्यांनी तुम्हीच येऊन म्हणालात, "मानकर, नवीन पिक्चर तयार होतोय. दोनला लावायचा." जणू मधे काही झालंच नव्हतं. मला त्या वेळी हायसं वाटलं. आज तुमच्याबद्दल विलक्षण अभिमान वाटतो. कामावर एवढी माया असलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

गेल्या वर्षी मला एका स्ट्रीमिंग कंपनीने बोलावलं. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर काचेची इमारत आहे. मुलं हुशार. ऋचा नावाच्या मुलीने भिंतीवर आलेख दाखवला. लाखो माणसं मालिका कुठल्या मिनिटाला बंद करतात त्याची रेघ. जिथे रेघ खाली पडते तिथे त्यांची कात्री चालते. मी म्हणालो, "चूक तिथे नसते. दहा मिनिटं मागे बघा." त्यांनी तिथल्या तिथे मागे जाऊन बघितलं. एका पात्राचा मृत्यू होता आणि लगेच पुढे लग्न. टाळ्या वाजल्या. महिन्याभराने ऋचाचा मेल आला, त्यांनी त्याला 'मानकर रूल' नाव दिलंय.

मी उत्तरात लिहिलं, 'धन्यवाद.'

त्याबद्दल तुमच्याकडे येऊन बढाईही मारली, रूलचं नाव तेवढं सोडून. म्हटलं, इंदूबाई, आता तुमचं स्टूल मशीनने घेतलं. आणि आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

"मशीनला बाई उठली ते कळेल," तुम्ही म्हणालात. "दुधासाठी उठली की कंटाळून उठली, ते कळेल?"

"लाखो माणसं बघितली की कळतं. सगळ्यांचंच दूध एका वेळी कसं उतू जाईल?"

"पाणी सगळ्यांकडे एकाच वेळी येतं, मानकर."

तुम्ही डोळे मिचकावून टीव्हीचा आवाज वाढवलात. एवढ्या वर्षांत त्या पाण्याचा उल्लेख तेवढा एकदाच. तेव्हाच बोलायला हवं होतं. दार तुम्हीच किलकिलं केलं होतंत.

यातला तुमचा मुद्दा मी अजून मान्य करत नाही, हेही लिहून ठेवतो. ती मुलं नुसती रेघ बघत नाहीत. ऋचा आता दर महिन्याला दहा घरांत जाऊन बसते आणि टीव्हीकडे पाठ करून माणसं बघते. ते तिला कोणी शिकवलं नाही, तिचं तिला सुचलं. तुम्हाला आवडली असती. मोठ्या कंपन्या पैशावर चालतात, नटांवर चालतात असं लोक म्हणतात. पैसा तर बुडालेल्यांकडेही असतो. ज्या टिकतात त्यांच्याकडे कुठेतरी एक माणूस पाठ करून बसलेलं असतं. आमच्याकडे ते माणूस तुम्ही होता. हे मी त्या मुलांना आता कळवलंय, पाण्याच्या गोष्टीसकट. रूलचं नाव बदलायला सांगितलंय. ऋचाने एका ओळीत विचारलं, 'सर, या कोण होत्या?' हे पत्र तिलाही पाठवणार आहे.

तुम्ही जायच्या बारा दिवस आधी मी शेवटचा तुमच्याकडे आलो. मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात तुमची वही. त्या पिक्चरनंतर ती माझ्याच कपाटात राहिली होती. भाषणांत मी ती दाखवायचो, 'माझी जुनी टिपणं' म्हणून. ठरवून आलो होतो की वही तुमच्या हातात द्यायची आणि सगळं बोलायचं. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता. मालिका चालू होती, पण तुमची पाठ टीव्हीकडे होती आणि नजर माझ्यावर.

मी हवापाण्याचं बोललो, माझ्या गुडघ्याचं बोललो.

तुम्ही म्हणालात, "मानकर, तुम्ही तीनदा पाय बदललात. पिशवी दोनदा इकडची तिकडे केलीत. दहा मिनिटं मागचं काय आहे ते बोला."

आणि मी म्हणालो, "काही नाही हो. चहा छान झालाय."

तुम्ही हसलात. म्हणालात, "बरं." आणि मान वळवून मालिका बघायला लागलात. मी पिशवी घेऊन लिफ्टने खाली आलो.

काल प्रकाशकडे वही दिली. तुमच्या फोटोशेजारी त्याने ती ठेवली. मी समोर खुर्चीवर बसून जे बोललो तेच इथे लिहितो. इंदूबाई, डोकं तुमचं होतं, हॉल तुमचा होता, नियम तुमचा होता. माझी होती ती एकच दुपार, साडेचारची, आणि ती मी तुमच्या नावावर घातली. मला माफ करा.

बघा, एकदाही पाय बदललेला नाही.